जिथे सोडले होते तिथून

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी 'द विचर ३' हा व्हिडिओ गेम पुन्हा उघडला. शेवटचा खेळलो होतो त्याला तीन वर्षे झाली होती आणि नोंदीत ४१ तास दिसत होते. 'कन्टिन्यू' दाबल्यावर, आतापर्यंतची कथा थोडक्यात सांगणारा तो ओळखीचा आवाज लोडिंगच्या पडद्यावर ऐकू आला, मी मान डोलावत ऐकले आणि सगळे आठवते आहे असे मला वाटले. पुढच्या क्षणी गेमचा नायक गेराल्ट स्केलिगेच्या एका खडकाळ किनाऱ्यावर, पावसात, पाठ फिरवून उभा होता. तो तिथे कशासाठी आला होता, हे मात्र काही केल्या आठवेना. हाती घेतलेल्या कामांच्या यादीत सतरा कामे उघडी होती. थैलीत इतक्या तलवारी आणि औषधी मुळ्या कोंबलेल्या होत्या की ओझ्यामुळे त्याला धावताही येत नव्हते. एवढ्यात पाण्यातून तीन ड्राउनर वर आले. चांदीची तलवार उपसावी म्हणून मी जे दाबले त्याने घोडीला शीळ घातली गेली. ढालीसाठी क्वेनचे चिन्ह टाकायला गेलो तर भलतेच चिन्ह निवडलेले होते. रोच बिचारी टेकडीमागून धावत आली खरी, पण तोपर्यंत ४१ तास खपून घडवलेला तो नामांकित राक्षस-शिकारी त्या जगातल्या अगदी किरकोळ भुतांच्या हातून मेला होता.

मी पुन्हा 'कन्टिन्यू' दाबले नाही. खिडकी बंद केली आणि का कोण जाणे, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडचे सगळे गेम मोजायला बसलो.

स्प्रेडशीट करायला संध्याकाळ लागली. निरनिराळ्या दुकानांतले आणि खात्यांतले मिळून २१४ गेम निघाले. त्यांपैकी १३७ मी एकदाही सुरू केले नव्हते, ४६ अर्ध्यात कुठेतरी अडकले होते आणि शेवटपर्यंत गेलेले अवघे ३१ होते. 'हाउ लाँग टू बीट' या संकेतस्थळावर खेळाडूंनी कळवलेल्या वेळांवरून प्रत्येक गेमला साधारण किती तास लागतात ते कळते. तिथले मुख्य कथेचे आकडे मी एका रकान्यात भरले आणि बेरीज मारली, तेव्हा उरलेल्या १८३ गेमसाठी सुमारे २,९०० तास लागतील असे दिसले. आठवड्याला पाच तास मिळतात असे धरले, आणि तेही जरा उदारपणेच धरले आहे, तर हे काम अकरा वर्षांहून अधिक चालेल. त्या अकरा वर्षांत एकही नवा गेम घ्यायचा नाही, ही अट अर्थात वेगळीच. जपानी खेळाडूंकडे अशा ढिगासाठी 'त्सुमिगे' असा शब्द आहे. न वाचता रचून ठेवलेल्या पुस्तकांच्या 'त्सुंदोकु'चा हा धाकटा भाऊ. मराठीत मला त्याच्या सर्वांत जवळचा वाटला तो 'अनुशेष', कारण त्या शब्दाला फायलींचा वास आहे आणि त्या संध्याकाळी मी खेळाडू कमी आणि कारकून जास्त होतो.

एवढा ढीग साठला कसा, याचे उत्तर काही फार गूढ नाही. २००३ मध्ये स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान आले, थोड्याच वर्षांत तिथे इतर कंपन्यांचे गेम विकले जाऊ लागले आणि उन्हाळी-हिवाळी सेल हा खेळाडूंच्या वर्षाचा भाग झाला. २०१० मध्ये हम्बल बंडलने 'हवे तेवढे पैसे द्या आणि पाच गेम न्या' असा मार्ग काढला. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकचे दुकान उघडले, त्याच महिन्यात तिथे 'सबनॉटिका' फुकट वाटला गेला, आणि तेव्हापासून तिथे फुकट गेमांचा रतीब सुरूच आहे. कागदोपत्री मी यातला एकही गेम मूर्खपणाने घेतलेला नाही, प्रत्येक व्यवहार फायद्याचाच होता. पण त्या खरेदीच्या क्षणाकडे नीट पाहिले तर दिसते की 'घ्या' हे बटण दाबताना माझ्या डोळ्यांसमोर गेम क्वचितच असे. तिथे असे एक लांबलचक, मोकळी रात्र. दुसऱ्या दिवशी लवकर उठायचे नाही, फोन वाजत नाही, आणि मी एखाद्या अनोळखी नकाशावर सावकाश हिंडतो आहे. त्या रात्रीचे तिकीट मी दर सेलमध्ये काढत आलो. १३७ तिकिटे अजून न फाडलेली आहेत.

स्प्रेडशीटने आणखी एक गोष्ट दाखवली आणि तिची मला थोडी गंमत वाटली. प्रदर्शित झाल्याबरोबर पूर्ण किंमत मोजून घेतलेले गेम २३, त्यांपैकी १६ मी संपवले आहेत. फुकट मिळालेले ६४, त्यांपैकी दोन. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लुमर या संशोधकांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नाटकांच्या हंगामी तिकिटांपैकी काही पूर्ण किमतीत आणि काही सवलतीत विकली गेली, आणि पूर्ण किंमत देणारे प्रेक्षक पहिल्या अर्ध्या हंगामात अधिक नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक उरला नाही. बुडीत खर्चाच्या मोहाचे उदाहरण म्हणून हा प्रयोग सांगितला जातो, आणि केवळ पैसे गेले म्हणून नाटकाला जाणे हा अविवेकच म्हणायचा. पण माझ्या यादीकडे पाहताना वाटते की त्या अविवेकाने माझे थोडे भलेच केले, कारण पैशांची ती बोच असेपर्यंत मी निदान खेळायला बसत तरी होतो. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल तर पैसे परत मिळतात. माझ्या यादीत एक तास ५२ मिनिटे खेळून सोडलेला एक गेम आहे. आठ मिनिटे शिल्लक ठेवण्याइतका मी सावध होतो, पण परत करण्याइतका ठाम नव्हतो. चौदा दिवस कधी उलटून गेले ते कळलेही नाही.

आता जे सांगणार आहे ते मला त्या ड्राउनरांनी शिकवले. आपण अपूर्ण गेमला अपूर्ण पुस्तकासारखे समजतो आणि तिथे चुकतो. पुस्तकातली खूण काढली तर पान तेच असते, दोन पाने मागे जाऊन वाचले की सूर लागतो. गेममध्ये जे साठलेले असते त्याचा अर्धा भाग यंत्रात असतो आणि अर्धा माझ्या बोटांत. यंत्राने आपला अर्धा भाग तीन वर्षे इमानाने जपला होता: प्रत्येक मुळी, प्रत्येक नाणे, ग्वेंटचे प्रत्येक पान. (ग्वेंटची पाने बरीच होती, कारण गेराल्टच्या दत्तक लेकीचा शोध बाजूला ठेवून मी खानावळींतून पत्तेच खेळत फिरलो होतो.) माझा अर्धा भाग मात्र उडून गेला होता. कोणत्या वेळी मागे सरकायचे, कोणत्या शत्रूसाठी तलवारीला कोणते तेल लावायचे, घाव चुकवताना श्वास कुठे रोखायचा, हे ज्या माणसाला येत होते त्याने ती फाइल सेव्ह केली होती, आणि तो माणूस आता नाही. मी त्याच्या जागी बदलीवर आलो होतो. सगळे सामान जागच्या जागी आणि कशाचा उपयोग काय, हे सांगून ठेवणारे कोणी नाही.

काही गेमनी ही अडचण ओळखली आहे. 'द विचर'चा तो कथा सांगणारा आवाज हा त्याचाच एक प्रयत्न. २००४ च्या 'पोकेमॉन फायररेड' आणि 'लीफग्रीन'मध्ये सेव्ह उघडली की तुम्ही शेवटी कुठे गेलात आणि काय केलेत याची छोटीशी उजळणी पडद्यावर होत असे, आणि ही इतकी साधी सोय पुढे सगळ्यांनी का उचलली नाही याचे मला नवल वाटते. पण या साऱ्या उजळण्या कथेच्या आहेत. बोटांची उजळणी करून देणारा गेम मला अजून भेटलेला नाही.

मुळात गेम 'अर्धवट' राहू शकतो ही गोष्टच तशी नवी आहे. 'पॅक-मॅन' १९८० मध्ये आला तेव्हा तो संपवण्याचा प्रश्नच नव्हता. नाणे टाकायचे, जीव संपेपर्यंत खेळायचे आणि घरी जायचे. त्या खेळाला शेवट लिहिलेलाच नव्हता. २५६ व्या पातळीवर आठ बिटांचा मोजणारा आकडा उलटतो आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो, म्हणून तिथे तो थांबतो इतकेच. अशा खेळाचा अनुशेष कसा राहणार? प्रत्येक डाव त्या दिवशीच पुरा व्हायचा. मग १९८६ मध्ये जपानमध्ये 'द लिजंड ऑफ झेल्डा' आला आणि त्याने खेळाडूची प्रगती डिस्कवर लिहून ठेवली. पुढच्या वर्षी अमेरिकेत तोच खेळ कार्ट्रिजवर आला तेव्हा आत एक छोटी बॅटरी बसवलेली होती, आणि यंत्र बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरा, अशी सूचना पडद्यावर येत असे. बटणावर बोट रोखून धरलेल्या त्या क्षणाची मी पुष्कळदा कल्पना करतो. तोवर डाव मोडायचा तरी किंवा पुरा तरी व्हायचा. आता तो 'उद्या' होऊ लागला. त्याच बॅटरीने एवढ्या मोठ्या कथा शक्य केल्या, त्यामुळे तिला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. तरी माझ्या ४६ अर्धवट गेमांचा वंशवृक्ष काढायचा म्हटले तर मूळ पुरुष तीच.

माझ्या भाच्याला हा सगळा प्रकार कळतच नाही. तो गेली चार वर्षे एकच गेम खेळतो, 'माइनक्राफ्ट', आणि त्यातही एकाच जगात. मी त्याला स्प्रेडशीट दाखवली, थोडी अभिमानानेच, कारण रकान्यांना रंग दिले होते. त्याने ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारले, "मामा, हे सगळं कोणी द्यायला सांगितलंय का?" त्याला 'सबमिट करायला' असे म्हणायचे होते. मी त्याला उलट विचारले की माइनक्राफ्टलाही शेवट असतो, ड्रॅगन मारला की श्रेयनामावली येते, तो का नाही मारलास? "मारीन कधीतरी," तो म्हणाला, "पण आत्ता माझं बोगद्याचं काम चालू आहे." मग त्याने मला तो बोगदा दाखवला. एका डोंगरातून दुसऱ्या डोंगराकडे जाणारा, दर सात ठोकळ्यांवर मशाल लावलेला, आणि दुसऱ्या टोकाला काहीच नसलेला. चार वर्षे झाली, पण त्याच्या लेखी तो गेम अर्धवट राहिलेला नाही.

भाच्याचा मार्ग माझ्या उपयोगाचा नाही, कारण मला कथा आवडतात आणि कथेला शेवट असतो. मी माझे उपाय करून पाहिले. वर्णानुक्रमे खेळायचे ठरवले आणि दुसऱ्याच अक्षरावर अडखळलो. एक संपवल्याखेरीज दुसरा घ्यायचा नाही, हा नियम पुढच्या सेलपर्यंत टिकला. एकदा नाणेफेकीने गेम निवडला, पण नाणे ज्याच्या बाजूने पडले तो नको वाटला म्हणून पुन्हा उडवले. त्यातून निदान मला काय नको आहे तेवढे कळले. सर्वांत लहान गेम आधी, ही पद्धत काही आठवडे उत्तम चालली: 'जर्नी' दोन तासांत, 'इनसाइड' एका संध्याकाळी. 'जर्नी' तर मी मध्ये न उठता खेळलो. वाळूच्या टेकडीवरून घसरत खाली येताना एक अनोळखी सहप्रवासी भेटला. त्याच्याशी बोलायची सोय त्या गेममध्ये नाही, फक्त एक नाद करता येतो. आम्ही एकमेकांना नाद देत शेवटच्या डोंगरापर्यंत गेलो. एका बैठकीत पुरा होणाऱ्या या खेळाला त्या बॅटरीची गरज पडली नाही, आणि तो संपल्यावर मी पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो. पण दुसऱ्याच दिवशी स्प्रेडशीटमध्ये तो रकाना हिरवा करताना जो आनंद झाला तो खेळताना झालेल्या आनंदाच्या जवळपास पोहोचला, आणि मला शंका आली. पुढचे तीन छोटे गेम मी त्या हिरव्या रंगासाठीच खेळलो. त्यांतल्या एकाचे नाव आता आठवत नाही.

'पूर्ण' हा शब्दच तपासायला हवा होता. एक्सबॉक्स ३६० ने २००५ मध्ये अचिव्हमेंट, म्हणजे गेममधल्या ठरावीक कामगिरीची पदके, आणली, २००८ मध्ये प्लेस्टेशनवर ट्रॉफी आल्या, आणि तेव्हापासून 'संपवणे' हे कथेच्या शेवटावर भागेनासे झाले. त्याच अचिव्हमेंटमुळे उलट बाजूही दिसते: स्टीमवर कोणत्याही गेमच्या पानावर किती टक्के खेळाडूंनी काय मिळवले ते पाहता येते, आणि कथेच्या शेवटी मिळणाऱ्या पदकापुढचा आकडा मोठ्या गेममध्ये बहुधा निम्म्याच्याही बराच खाली असतो. म्हणजे बहुतेकांनी सोडलेले असते. आणि सगळे मिळवणाऱ्यांचे तरी काय? 'झेल्डा'च्या २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये ९०० कोरोक बिया लपवलेल्या आहेत. त्या साऱ्या गोळा करून नेल्या की बक्षीस म्हणून सोनेरी विष्ठेच्या आकाराची एक वस्तू मिळते आणि एक पात्र आपल्यासाठी नाचते. ज्यांनी त्या बिया लपवल्या त्यांनीच हा टोमणा मारून ठेवला आहे, आणि तो मला फार आवडतो.

मी स्थितीच्या रकान्यात 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' या दोन शब्दांखेरीज तिसरा शब्द घातला: 'पुरेसा'. तो लावायचा नियम असा केला की त्या गेममधला एक क्षण मला नीट सांगता आला पाहिजे, बटणे आठवोत न आठवोत. ४६ पैकी १९ गेम या कसोटीला उतरले. काही अगदीच उतरले नाहीत. पन्नास तास घालवूनही एकही क्षण सांगता येऊ नये, असे दोन निघाले, आणि अनुशेषापेक्षा मला त्या दोघांचीच जास्त लाज वाटली. न उघडलेल्या १३७ पैकी ९० मी लायब्ररीतून लपवून टाकले. ते कुठे गेलेले नाहीत, हे मला माहीत आहे. टाकून द्यायलाही ते पुरते माझे नाहीतच म्हणा: २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीमच्या खरेदीच्या पडद्यावर स्पष्टच लिहिलेले असते की पैसे देऊन मिळतो तो परवाना. एवढी वर्षे ज्याच्या ओझ्याने मी वाकलो तो परवानग्यांचा ढीग होता.

राहिला 'आउटर वाइल्ड्स'. २०१९ चा हा गेम मी दोन वर्षांपूर्वी सोडला होता, आणि 'द विचर'च्या अनुभवानंतर तो उघडायला मी धजत नव्हतो. कारण इथे यंत्राकडे जपण्यासारखे जवळपास काहीच नाही. यात शस्त्रे नाहीत, पातळ्या नाहीत, थैली नाही. एका छोट्या सूर्यमालेत २२ मिनिटे हिंडायचे, मग सूर्याचा स्फोट होतो आणि आपण पुन्हा त्याच शेकोटीपाशी जागे होतो. पुढे सरकते ते फक्त आपल्याला कळलेले. सगळे माहीत असलेला खेळाडू पहिल्याच फेरीत शेवट गाठू शकतो. म्हणजे इथे विसरलो तर सारेच गेले.

तरी उघडला. शेकोटीपाशी जागा झालो, यानात चढलो आणि आतल्या नोंदवहीपुढे उभा राहिलो. आपण शोधलेली प्रत्येक गोष्ट ती वही चित्रांत आणि रेषांत जोडून ठेवते. माझ्या नोंदी बऱ्याच होत्या. वाचताना, कोणा दुसऱ्याच मेहनती माणसाचे टिपण हाती लागावे तसे वाटत होते. इथे त्याने हे पाहिले, त्यावरून ते ताडले, मग तिकडे गेला. अर्ध्या गोष्टी मला नव्याने कळल्या, आणि पहिल्यांदा कळताना जो झटका बसला असेल तो पुन्हा बसला. एका नोंदीखाली लिहिले होते की इथे अजून पाहण्यासारखे आहे. मी यान तिकडे वळवले, उतरताना पाय मोडून घेतला, ऑक्सिजन संपवला, मेलो. पुन्हा शेकोटी. दुसऱ्या फेरीत बोटांना यानाचा जोर आठवू लागला. तिसऱ्या फेरीत मी त्या जागी उभा होतो आणि समोर एक दार होते. ते उघडायचे कसे हे मला कळले, तेवढ्यात आकाश निळसर पांढरे झाले.

गेराल्टच्या नावापुढे मी 'पुरेसा' लिहिले आहे. गेम काढून टाकताना त्याची सेव्ह क्लाउडवर राहील असे पडद्यावर आले, आणि राहू दिली. 'आउटर वाइल्ड्स'पुढचा रकाना कोरा आहे. जेवणे झाली आहेत, घर शांत आहे आणि झोपायला अजून साधारण अर्धा तास आहे. त्यात एक फेरी बसते.